कूस बदलायची वेळ

परभणीत वसमत रस्त्याला मामांचं घर आहे. तिथे आजीच्या खोलीत भिंतीवर एक फुलस्केप कागद चिकटवलेला आहे. मामांची सगळी नोकरी कोषागारात झाली, त्यामुळे कागदावर पट्टीनं आखलेले रकाने आहेत : तारीख, वेळ, कूस, सही. सहा वाजता डावी, आठ वाजता उताणी, दहा वाजता उजवी. रात्री दोनची नोंद आहे, पहाटे चारचीही आहे. सहीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मामीचं एकच अक्षर.

आजी 84 वर्षांची. दिवाळीच्या आधी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत झालं, एक रुपया लागला नाही. आठव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती, ‘फिजिओथेरपी करावी’. कुठे करायची, कुणाकडून, किती दिवस, काही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात तीन वर्षं कंत्राटी होते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. एका वर्षीच्या आराखड्यात माझं पद मंजूर होऊन आलं नाही आणि मी छत्रपती संभाजीनगरला खासगीत गेले. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणसाला शक्यतो दुसऱ्याच दिवशी उभं करायचं असतं. आजीला उभं करायला मी नव्हते. पोचले अकराव्या दिवशी, तोवर तिच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उमटला होता. तेव्हापासून दर शनिवारी येते.

एका रविवारी दुपारी मामा आणि मी त्या खोलीत बराच वेळ बोलत बसलो. ते बोलणं जमेल तसं उतरवून ठेवते आहे, कारण मामांचं म्हणणं मला मान्य होत नाही आणि सोडूनही देता येत नाही.

मामा : तू आलीस की हेच सुरू होतं, सरकारनं आरोग्यावरचा हात आखडला. बाई, मी जन्मभर सरकारचाच पैसा मोजला. आरोग्याचा आकडा दरसाल वाढतोय. कपात कुठाय ते दाखव.

मी : आकडा कोणत्या रकान्यातला? तुम्हीच मला शिकवलंय, अंदाजपत्रकाला तीन रकाने असतात म्हणून.

मामा : असतातच. पहिला अर्थसंकल्पीय अंदाज, तो पेपरात छापून येतो. दुसरा सुधारित अंदाज, तो निम्मं वर्ष उलटल्यावर. तिसरा प्रत्यक्ष खर्च, तो कुणी वाचत नाही. बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, जेवढी रक्कम सुटली तेवढंच बिल निघतं. 31 मार्चला आम्ही मध्यरात्र उलटेपर्यंत बिलं पास करत बसायचो. खिडकीबाहेर खात्याखात्याचे कारकून उभे. ज्याचं बिल राहिलं त्याची रक्कम व्यपगत झाली. पण त्याला कपात म्हणत नाहीत, अखर्चित म्हणतात.

मी : माझ्यासमोर बसलेल्या पेशंटला त्यातला फरक कसा कळणार? मशीन आलं नाही, माणूस आला नाही. शब्द तुम्ही कोणताही लिहा.

मामा : तसं धरलं तर धर. पण मग दोष पैशाचा नाही, खर्च न करणाऱ्याचा.

मी : दोन्हीचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात आधी केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 असं होतं. 2015-16 पासून ते 60 आणि 40 झालं. राज्याचा भार वाढला. 2017 च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर घालावी. महाराष्ट्र तिथवर पोचला नाही. म्हाताऱ्यांसाठी 2010-11 पासून स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वॉर्ड, खाली तालुक्याला फिजिओ, प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा दवाखाना, उपकेंद्राच्या माणसानं घरी जाऊन बघायचं. कागद वाचला तर डोळे भरून येतील इतका नेटका आहे. पण त्याचा पैसा साखर, रक्तदाब, कॅन्सर यांच्याच पेटीतून येतो. पेटी अपुरी पडली की आधी कोण मागे राहतं? ज्याच्या न येण्यानं त्या रात्री कुणी मरत नाही तो. फिजिओ.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी असा मुद्दा काढला की त्याला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही.

मामा : आता तूच बोललीस म्हणून बोलतो. 2023 मध्ये सप्टेंबर संपताना नांदेडला काय झालं? इथून रेल्वेनं दीड तासावर. एका सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 जीव गेले, त्यातली 12 नवजात लेकरं होती. मी त्या दिवशी जेवलो नाही. हातात एकच रुपया असेल तर तो त्या लेकराच्या काचेच्या पेटीला लावायचा का माझ्या 84 वर्षांच्या आईला चालवायला? ही माझी आई आहे, तिच्यासमोर सांगतो. लेकराला लावायचा. आईला विचारलंस तर तीही हेच सांगेल.

आजी डोळे मिटून पडली होती. जागी होती का नव्हती, कळलं नाही.

मी : मीही लेकरालाच देईन. पण मामा, त्या दोघांना एका ताटावर बसवून ताट लहान कुणी ठेवलं? लेकरू आणि आजी एकमेकांचं खात नाहीयेत. रुपया एकच आहे असं आपण दोघंही धरून बोलतोय, आणि तिथेच आपण हरतोय. शिवाय पुनर्वसन म्हणजे निव्वळ म्हातारपण नव्हे.

मग मी त्यांना एका पेशंटबद्दल सांगितलं. वय 46, ट्रॅक्टर चालवायचा. लकवा मारून उजवी बाजू गेली. बायको त्याला आठवड्यातून तीनदा आणायची, कधी एसटीनं, कधी काळीपिवळीनं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना फुकट आहे; पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच असते आणि लकव्याच्या माणसाला ती चढवायला खालून एक आणि वरून एक अशी दोन माणसं लागतात. पहिल्या महिन्यात तो भिंतीला धरून उभा राहिला. दुसऱ्या महिन्यात मी त्याला शर्टाचं बटण लावायला शिकवत होते. एका बटणाला सात मिनिटं. ज्या दिवशी लागलं त्या दिवशी त्यानं ते लगेच काढलं आणि परत लावलं, आपोआप तर लागलं नाही ना हे बघायला. मेंदूला झटका बसल्यावर पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे असतात, जे परत यायचं त्यातलं बरंचसं तेव्हाच येतं. त्याचा नववा आठवडा चालू होता आणि माझी ऑर्डर संपली.

सहा महिन्यांनी तो बाजारात भेटला. कोपर छातीशी आखडलेलं, मूठ गच्च. तिथेच दुकानाच्या पायरीवर बसवून मी एकेक बोट सोडवलं. नखं वाढून तळहातात रुतली होती आणि आत ओल धरून कातडी पांढरी पडली होती. मुठीत सुती कापडाची गुंडाळी ठेवायची आणि दिवसातून चार वेळा बोटं हळूहळू उघडायची, एवढं सांगणारं माणूसही त्याला मधल्या काळात भेटलं नव्हतं. ट्रॅक्टर विकला होता.

मामा : वाईट झालं. पण एका माणसावरून राज्याचा हिशेब मांडता येत नाही. मी दुसरा आकडा सांगतो. 2013-14 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 64 टक्के भाग लोक खिशातून घालत होते. 2021-22 मध्ये तो 39 वर आला. हे सरकारी पैशाशिवाय झालं का? तुझ्या आजीचा खुबा फुकट बसला. माझ्या वडलांच्या वेळी आम्ही दोन एकर विकली होती. तेव्हा कुठली योजना होती?

मी : नव्हती, आणि आता आहे हे मोठंच काम आहे. पण योजना खाटेपाशी थांबते. आयुष्मान भारतमध्ये सुटी झाल्यावर 15 दिवसांपर्यंतची काळजी धरलेली आहे, बाह्यरुग्ण उपचार नाही. आजीला पायावर यायला तीन महिने लागणार. कापण्याचे आणि जोडण्याचे पैसे मिळतात. उभं करण्याचे मिळत नाहीत. मग आधी खर्च केलेलेही वाया जातात. जखम चिघळली की तीच बाई पुन्हा त्याच वॉर्डात. आणि तुमच्या त्या 39 टक्क्यांत हा भिंतीवरचा कागद धरलाय का? रात्री दोनचा उठण्याचा भाव काय लावला?

मामा : घरच्याच्या सेवेला भाव लावायचा का आता?

मी : लावायचा नाही. पण तो शून्य आहे असं धरून जिल्ह्याचा आराखडाही करायचा नाही.

इथे मामांचा आवाज बदलला. ते सांगायला लागले ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे, तरी त्या खोलीत ऐकताना वेगळं वाटलं. 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर जायची. तिथे मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून आणायची आणि चार लेकरांना वाटून द्यायची. मामा तेव्हा अकरा वर्षांचे होते.

मामा : त्या बाईला मी कुठल्या संस्थेत नेऊन ठेवू? परक्या बाईनं तिची कूस बदलायची? तुमचं ते पुनर्वसन केंद्र, दीर्घ शुश्रूषा, काय म्हणता ते, ते आलं की लोक आईबाप तिथे टाकतील. आज निधी नाही म्हणून का होईना, घरं टिकून आहेत. सरकार जिथे शिरतं तिथून नाती निघून जातात. हे मी मनापासून मानतो.

मी : कुणाची घरं, मामा? दसरा झाला की गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडच्या गावांतून ऊसतोडीला कोयते निघतात. नवराबायको दोघंही. परत यायला उन्हाळा. गावात कोण राहतं? म्हातारा, म्हातारी आणि शाळेतलं एखादं नातवंड. त्या म्हातारीचा खुबा जानेवारीत मोडला तर तिची कूस कोण बदलेल? चौथीतली पोर? त्या पोरीची माया कमी पडते म्हणून म्हातारीच्या पाठीला जखमा होतात का? 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 18 लाख 36 हजार होती. राज्यात तेव्हा शंभरातले दहा जण साठीच्या पुढचे होते. तेच प्रमाण इथे लावलं तर दोन लाखांच्या जवळपास माणसं होतात. या सगळ्यांच्या घरी मामी आहे का?

(एक सांगायला हवं. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर दोन मजली खासगी दवाखाना येतो, बहुतेक करून बाळंतपणाचा. 1949 चा जो नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे त्यातही ते नाव खासगी दवाखान्यांनाच आहे. बऱ्या होत असलेल्या किंवा कधीच पुरत्या बऱ्या न होणाऱ्या माणसाला शिकलेल्या हातांनी सांभाळण्याची जी जागा असते, तिला परभणीच्या बोलण्यात नावच नाही. वृद्धाश्रम म्हणावं तर तिथे चालतंफिरतं माणूस लागतं. ज्याला नाव नाही त्याची मागणी निवेदनात कशी लिहायची?)

मामा : पैसा हवाच असेल तर थेट द्यावा. जुलै 2024 पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 चालू झाले. वर्षाला 46 हजार कोटी लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. तू म्हणशील तो पैसा दवाखान्यांचा होता. मी म्हणतो, किती घरांत त्यातून सासूची गोळी येते ते बघ. मुख्यमंत्री वयोश्रीतून 65 च्या पुढच्यांना 3,000 मिळतात, काठी घ्या, वॉकर घ्या. ज्याच्या हाती पैसा, तो आपली गरज ओळखतो.

मी : बायकांच्या हाती पैसा आला याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण 1,500 रुपयांनी गावात नसलेला फिजिओ विकत मिळत नाही. 3,000 चा वॉकर मी आजवर कितीतरी घरांत बघितला, भिंतीला टेकवलेला, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. उंची पेशंटच्या मनगटाशी जुळवून द्यावी लागते, पहिले आठ दिवस मागे उभं राहून पट्टा धरावा लागतो. ते माणसाचं काम आहे आणि माणसाचा पगार दरमहा लागतो. वस्तू एकदा वाटता येते, फोटो निघतो. पगार दर महिन्याला द्यावा लागतो, म्हणून तोच पहिल्यांदा कापला जातो.

मामा : मग कोण करतं हे नीट? नाव सांग.

मी : केरळ. 2008 मध्ये त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं राज्याचं धोरण केलं. ग्रामपंचायतीच्या पैशातून नर्स घरोघर जाते, गावातले स्वयंसेवक सोबत असतात. म्हातारं माणूस घरातच राहतं, कुणी कुणाला टाकत नाही. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते तिथे झालं नाही. उलट घर टिकवायला पंचायत आली. जपाननं 2000 पासून त्यासाठी वेगळा विमाच काढला, चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. आपल्याकडे 2007 चा कायदा आहे, निराधार ज्येष्ठांसाठी दर जिल्ह्यात निदान 150 जणांचं घर. फक्त त्यात सरकारला ते ‘करता येईल’ असं म्हटलंय, ‘करावंच लागेल’ असं नाही. तुम्ही कोषागारातले, त्या एका क्रियापदाचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

मामांनी मान हलवली. त्यांना तो अर्थ फार चांगला माहीत होता.

मागच्या महिन्यात आशाताई आल्या होत्या ते मामीनं आधीच सांगितलं होतं. त्यांच्याकडे एक फॉर्म असतो, तिशीवरच्या प्रत्येकाचा भरायचा. साठीच्या पुढच्यांना त्यात वेगळे प्रश्न आहेत : उभं राहताना, चालताना तोल जातो का? जेवण, कपडे, अंघोळ यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? मदतीच्या प्रश्नाला मामांनी उत्तर दिलं, ‘लागते, पण आम्ही आहोत.’ आशाताईंनी पेन थांबवलं. फॉर्मवर होय आणि नाही असे दोनच पर्याय. शेवटी मामीच स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘होय लिहा हो ताई.’ आशाताईंनी खूण केली, फॉर्म पिशवीत ठेवला, पाणी पिऊन पुढच्या घरी गेल्या. त्यांच्या हाती याहून काही नव्हतंच. मला मात्र त्या फॉर्मचा विचार सुटत नाही. सरकारनं बरोबर तो प्रश्न विचारला आहे, आमच्या कॉलेजात शिकवतात त्याहून साध्या शब्दांत विचारला आहे. ‘होय’ उत्तर आल्यावर घरी कुणी यायचं, त्या माणसाचा पगार मात्र कुठल्याच ओळीत नाही.

चार वाजायला आले तशी मामी आत आली. तिच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. आजीच्या खाली हात घालून घालून अंगठ्यापाशी सूज धरली आहे. मी दोनदा पट्टी दाखवली, आराम सांगितला. आराम कसा करायचा ते मात्र मला सांगता आलं नाही.

ती आमच्या वादात पडली नाही. मलाच विचारलं, ‘तुला ठावं असंल म्हणून ईचारते. माघात छोटीचं बाळंतपण हाय पुण्याला. पहिलटकरीण. निस्ते पंधरा दिवस, जास्ती नाही. तेवढे दिस आईंना सांभाळंल असं कोणतं ठिकाण हाय का गं जिल्ह्यात? पैसे भरू की आपण.’

तिनं हे मामांसमोर पहिल्यांदाच विचारलं असावं. मामा तिच्याकडे बघत राहिले.

मी आधीच दोन ठिकाणी फोन केले होते. दोन्हीकडून एकच उत्तर : दाखल करून घेऊ, पण सोबत घरचं माणूस रात्रंदिवस हवं. ते मी सांगितलं. मामी ‘बरं’ म्हणाली आणि आजीच्या उशाशी वाकली.

‘थांब,’ मामा म्हणाले आणि उठले.

त्यांनी आजीच्या खांद्याला धरलं. मी त्यांचा हात काढला, एक खांद्यामागे ठेवला, एक कमरेखाली. ‘ओढायचं नाही मामा, लोटायचं. सगळं अंग एकदम, पाटीसारखं. आधी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, नाहीतर खुबा सरकेल.’ पहिल्या खेपेला उशी निसटली. आजीनं डोळे उघडले आणि हाताचा स्पर्श ओळखून मुलाकडे बघितलं. दुसऱ्या खेपेला ती डाव्या कुशीवर आली. मी पाठ बघितली, डाग आता फिका होता. मामांना धाप लागली होती. मामी पायथ्याशी उभी होती आणि तिचे हात काय करावं ते न कळून पदराशी खेळत होते.

‘रात्री दोनला कसं करतेस तू हे, एकटी?’ मामांनी तिला विचारलं.

‘उशी आदी ठिवते,’ मामी म्हणाली.

मामांनी खिशातलं पेन काढलं, कागदासमोर चष्मा लावून उभे राहिले. चार वाजता, डावी. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, ‘लेकराआधी म्हातारी, हे मला अजून पटलेलं नाही. पण तू पुढच्या शनिवारी येताना ते आरोग्याचं पुस्तक आण अंदाजपत्रकाचं. तिसरा रकाना बघू. आणि कमरेखालचा हात मला परत एकदा दाखव, तिथे माझं चुकतंय.’